क्रबचं फाटक

क्रबला फाटक नसतं. उघड्या माळावर छातीएवढ्या उंचीची गोल दगडी भिंत घालायची, आत दोन माणसं जेमतेम वावरतील एवढी जागा ठेवायची, त्यात कोबीची रोपं करायची आणि आत-बाहेर जायचं ते भिंतीवरून टांग टाकून. वारा आत येत नाही, मेंढी आत येत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. एवढ्या पिढ्यांत क्रबला फाटक बसवायची अक्कल एकाच बाईला सुचली, आणि ती म्हणजे हूल वाडीची ओस्ला इंकस्टर.

ती मूर्ख नव्हती. तिच्या नवऱ्याचे गुडघे गेले होते, म्हणून तिनं ते केलं.

गुडघे गेले ते परवडलं असतं, पण त्यामागोमाग लाउरीचं डोकंही जायला लागलं होतं. घरात एकटा ठेवला की तो बाहेर पडायचा आणि कधीच मातीआड गेलेल्या माणसांना हाका मारत हिंडायचा. म्हणून ओस्ला क्रबमध्ये कामाला जाताना त्याला बरोबर न्यायची. पण भिंतीवरून टांग टाकायची तर त्याचा पाय वर उचलेना. बाहेर बसवला तर वाऱ्यानं गारठायचा. शेवटी तिनं पहार घेतली, भिंतीला खिंडार पाडलं आणि जुन्या गोठ्याचं फाटक आणून तिथे टांगलं. आत मासळीचं एक खोकं पालथं घातलं. लाउरी त्याच्यावर बसायचा, ती गुडघे टेकून काम करायची, आणि दिवस बरा जायचा.

शेजारच्या एर्टीनं ते फाटक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "क्रबला फाटक? ओस्ला, उद्या होडीला खिडकी बसवशील."

"बसवीन. तुला बघायला बोलावीन," ती म्हणाली.

त्या क्रबमध्ये कोबी नव्हता. तिथे ससाणफूल होतं.

ससाणफूल म्हणजे दिसायला काही विशेष नाही. जमिनीसरशी पानांचा एक पसारा, त्यातून वीतभर दांडा आणि वर पिवळंधमक फूल. लांबून पाहणारा त्याला दुधळच म्हणेल, ती रस्त्याकडेला माजते तीच. जुनी माणसं सांगायची, ससाणा याचा चीक डोळ्यांना लावतो म्हणून त्याची नजर तेज. खरंखोटं ससाण्याला ठाऊक. या फुलाच्या जाती पुष्कळ, इथल्या जवळजवळ प्रत्येक कड्याची आपापली, आणि हूलच्या ओढ्यावरची जात जगात फक्त हूलच्या ओढ्यावर होती. मेंढ्यांना ती मिठाईसारखी आवडते, त्यामुळे जिथे मेंढीचं तोंड पोचत नाही अशा कड्याच्या कपारीतच ती तग धरून राहिली होती. लाउरी तरणा असताना दर उन्हाळ्यात कड्यावरून खाली उतरायचा आणि एकच फूल ओस्लाला आणून द्यायचा. "ओठाला लावून बघ," तो म्हणायचा. "पानाची लव ओठाला लागली तर आपलं. गुळगुळीत लागलं तर दुधळ, फेकून दे."

मग एका हिवाळ्यात इतका पाऊस झाला की ओढ्याचा तो सगळा कडाच समुद्रात गेला. त्याच्या आदल्या वर्षी ओस्लानं थोडं बी आणून ठेवलं होतं, म्हणून जात वाचली. नाहीतर त्याच दिवशी संपली असती.

वाचली म्हणजे लगेच उगवली असं नाही. पहिल्या खेपेला ओस्लानं ते कोबीसारखं पेरलं. समुद्राचं शेवाळ घातलं, गोठ्यातलं शेण घातलं, बी टाकून वर चांगली मऊ माती ओढली. एकही उगवलं नाही. पुढच्या खेपेला माती कमी ओढली, खत मात्र तेवढंच. चार कोंब वर आले आणि आठवड्याभरात बुडाशी कुजून आडवे झाले. तेव्हा वैतागून तिनं मुठीतलं उरलेलं बी भिंतीच्या कडेला खडीवर भिरकावलं आणि घरी निघून आली. वसंतात पाहते तर त्या खडीवर लव आलेली बारीक पानं!

तेव्हा कुठे तिला कळलं. या बीला पांघरूण नको, उजेड पाहिजे. दगडाचा चुरा आणि खडी, त्यात चिमूटभर काळी माती. बी वर ठेवायचं, तळहातानं दाबायचं आणि अख्खा हिवाळा त्याला थंडीत एकटं सोडायचं. शेण दाखवायचंसुद्धा नाही. लाड केले की मेलंच.

"माझ्या आईनं मला असंच वाढवलं," लाउरी तेव्हा म्हणाला होता. तेव्हा तो अजून विनोद करायचा.

आणखी एक गोष्ट या फुलाची. याला बी धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागत नाहीत. आईपासून लेक होते ती आईच पुन्हा, तसूभर फरक नाही. म्हणजे एक झाड राहिलं तरी सगळी जात राहिली. एर्टीला हे सांगितलं तेव्हा तो हसून हसून खोकला. "नवरा नको, शेजारी नको, खत नको. तुझ्याच माहेरचं दिसतंय हे झाड."

त्या उन्हाळ्यात क्रब पिवळाधमक झाला होता. बी पिकलं तशी त्याची मळकट, कापसासारखी उडणारी म्हातारी लाउरीच्या करड्या स्वेटरभर चिकटली. ओस्लानं हाताला लागलं तेवढं सगळं बी पुन्हा क्रबमध्येच खडीवर दाबलं. वेगळं काढून काही ठेवलं नाही. कशाला ठेवायचं? क्रबइतकी सुरक्षित जागा अख्ख्या बेटावर नव्हती.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी ती कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर आली आणि समोर तिच्याच कोबीत मेंढ्या. एर्टीच्या. खालच्या शेतात मेंढ्या. वरच्या शेतात मेंढ्या. तिनं नजर फिरवली तर वाडीतलं एकूण एक फाटक उघडं. वाऱ्यानं उघडलं म्हणावं तर प्रत्येक फाटक नीट भिंतीला टेकवून त्याच्या पायाशी दगड लावलेला.

 हातातली बादली टाकून ती टेकडी चढत पळत सुटली. साठी उलटलेल्या बाईनं पळावं तशी नव्हे, जीव घेऊन.

क्रबचं फाटकही उघडं होतं आणि त्याच्याही पायाशी दगड होता. आत तीन मेंढ्या होत्या आणि चौथी मान खाली घालून उरलेलं खात होती. भुसभुशीत खडीतून झाडं मुळासकट उपटून आली होती. जी आली नव्हती ती खुरांनी तुडवून चिखल झाली होती. उन्हाळ्यात दाबलेलं बी त्याच चिखलात, लेंड्यांमध्ये, कुठेतरी खोल गाडलं गेलं होतं. ओस्ला मेंढ्यांवर दगड मारत सुटली. मेंढ्या गेल्या. मग ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी चिखल चाळू लागली. मुळांचे तुकडे सापडले, देठांचे चोथे सापडले. तिनं ते तसेच परत खोचले. खोचतानाच तिला कळत होतं की यातून काही होणार नाही, तरी खोचत राहिली.

तशीच चिखलाच्या हातांनी ती एर्टीच्या दारात गेली.

"तुझी जनावरं आहेत! फाटक उघडायला तुझा हात कसा धजावला रे? काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

एर्टी चहाचा कप घेऊन दारात उभा होता. त्यानं कप खाली ठेवला. "ओस्ला, आत ये."

"आत नाही यायचं मला!"

"मी नाही उघडलं. आत्ता पहाटे पाहिलं, तेव्हापासून कुत्रं घेऊन गोळाच करतोय मी त्यांना." तो थोडा थांबला. "काल तिन्हीसांजेला लाउरी इथून गेला. मी विचारलं, कुठे निघालास? तर म्हणाला, पीक घरात आलं, आता फाटकं उघडायची. मला वाटलं, बोलतोय आपला. तू मागे असशील."

ओस्लाला आठवलं. काल तिन्हीसांजेला ती जळणासाठी पीटच्या, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीच्या, विटा भरायला बराच वेळ मागच्या अंगणात गेली होती आणि परत आली तेव्हा लाउरी चुलीपाशीच बसलेला होता, बूट ओले.

पूर्वी असंच होतं. ओट घरात आले, बटाटे निघाले की वाडीतली सगळी फाटकं उघडायची आणि वसंतापर्यंत ज्याच्या मेंढ्या त्यानं कुठेही चरू द्यायच्या. लाउरीचा बाप हे करायचा, बापामागून लाउरी करायचा. तारेची कुंपणं आली तशी ती रीत गेली. लाउरीच्या डोक्यातून बायकोचं नाव गेलं, लग्न गेलं, आरशातलं आपलं तोंड गेलं. ही रीत मात्र हातापायांत राहिली. क्रबला फाटक नसतं तर तो क्रबकडे वळलाही नसता. समोर फाटक दिसलं, त्यानं उघडलं.

हे सगळं ओस्लाला एर्टीच्या दारातून घरी येईपर्यंत कळून चुकलं होतं. कळून काय उपयोग! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि घरात लाउरी खुशीत बसला होता.

"सगळी उघडली," तो म्हणाला. "एकही विसरलो नाही. बाबा असते तर खूश झाले असते."

मग ती जे बोलली ते बोलायला नको होतं. ती ओरडली की तू मारलंस, सगळं मारलंस, जगात एक होतं तेही ठेवलं नाहीस. तिनं टेबलावरचं बॅनकचं, जाड भाकऱ्यांचं ताट भिंतीवर फेकलं. आणि शेवटी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "त्या कड्याबरोबर तूच का गेला नाहीस? तू मेला असतास तर बरं झालं असतं!"

लाउरीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. "हो," तो म्हणाला. "हो, हो."

दुपारपर्यंत तो ते विसरला. सुकवलेल्या मटणाचं सूप त्यानं दोनदा मागून घेतलं आणि चांगलं झालंय म्हणाला. ओस्लाला तेवढाच आधार वाटला. तो सगळंच विसरतो, तसं हेही विसरला. त्याच्या विसरण्यानं आजपर्यंत तिचा छळच झाला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्याबद्दल देवाचे आभार मानले.

मग तिनं घर पालथं घातलं. कपाटं, कोनाडे, कोटांचे खिसे, हातमोज्यांचे कोपरे. कुठेही एक बी नाही. मोठ्या बेटावरच्या बागेत तिनं पूर्वी थोडं बी दिलं होतं, तिथे फोन केला. तिथल्या मुलीचा आवाज पडला. उगवलंच नव्हतं, म्हणाली, आणि बी फार दिवस जिवंत राहत नाही. ओस्लानं फोन ठेवला आणि हातपाय गाळून लाउरीसमोर बसली. त्याच्या छातीवर सूप सांडलं होतं. तो करडा स्वेटर धुवायला दे म्हणून ती महिनाभर त्याच्या मागे लागली होती, तो अंगातून काढू देत नव्हता. तिनं ओलं फडकं घेऊन डाग पुसला, तर नखाखाली काहीतरी टोचलं.

काळं. तांदळाच्या कणीहून बारीक.

"उठ," ती म्हणाली. "खिडकीपाशी चल. लवकर."

नोव्हेंबरात तिथे दुपार कलली की लगेच अंधार होतो. तिनं त्याला उजेडात बसवलं, रफूची सुई घेतली आणि त्याच्या छातीशी डोळे नेऊन विणीचा एकेक टाका उसवल्यासारखा पाहू लागली. बी सापडलं की बशीत. काही गवताचं होतं, ते तिनं फुंकून टाकलं. काही नक्की कशाचं ते कळत नव्हतं. म्हातारी गळून गेली होती, आणि म्हातारीशिवाय ससाणफूल कुठलं नि दुधळ कुठली, हे छातीठोकपणे सांगणं अवघड.

लाउरी शहाण्या पोरासारखा बसून होता. बऱ्याच वेळानं त्यानं खाली वाकून हळूच विचारलं, "उवा झाल्यात का हो मला?"

"हो. गप बस."

"आईला सांगू नका."

"नाही सांगत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. भरलेल्या डोळ्यांनी बी दिसेना, म्हणून तिनं ते बाहीनं पुसले आणि पुन्हा सुई धरली.

पसाभरही नव्हतं, चिमूटभर म्हणावं तर तेही नाही. पसरट मातीच्या भांड्यात तिनं खडी भरली, बी वर ठेवून तळहातानं दाबलं, वर तारेची जाळी आवळली आणि भांडं उत्तरेच्या भिंतीशी बाहेर ठेवलं. बर्फ पडलं, गारा पडल्या, समुद्राचं खारं पाणी वाऱ्याबरोबर घरापर्यंत आलं. भांडं आत घ्यावं म्हणून तिचा जीव रोज तुटायचा. ती रोज दारापर्यंत जायची आणि परत यायची.

वसंतात कोंब आले. ओस्लाचा जीव टांगणीला लागला. पानं जरा मोठी झाल्यावर ती भांड्यापाशी पालथी पडून एकेका पानाला ओठ लावू लागली. गुळगुळीत. गुळगुळीत. पुन्हा गुळगुळीत. दुधळच सगळी. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, अजून लहान आहे, लव नंतर येईल. ती नंतरही आली नाही. तिनं एकेक उपटून टाकलं. शेवटी भांड्याच्या कडेला एकच उरलं, सगळ्यांच्या मागून आलेलं, अंग चोरून बसलेलं. त्याला ओठ लावायचं तिला धाडस होईना. बरेच दिवस ती नुसतीच बघून परत फिरायची.

एका सकाळी लावला. ओठाला लव लागली.

"लाउरी!" ती ओरडली. "लाउरी, बाहेर ये! आलंय!"

लाउरी काठी टेकत आला, वाकून भांड्यात पाहिलं आणि मान डोलावली. "कोबी छान आलाय," तो म्हणाला. ओस्ला तिथेच मातीत बसून हसली आणि रडली.

त्याच्या मुळांना भांडं पुरेना, तेव्हा उन्हाळा सरताना तिनं ते क्रबमध्ये नेऊन खडीत लावलं. फूल यायला अजून एक वर्ष होतं. तोवर जगातलं सगळं ससाणफूल म्हणजे तळहाताएवढा तो पानांचा पसारा. एर्टी म्हणाला, "आता ते खिंडार बुजवू. दगड इथेच पडलेत. मी एका दुपारी बुजवून देतो."

"बुजवू," ओस्ला म्हणाली. "पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा तेच म्हणाली. खिंडार बुजलं की लाउरीला क्रबमध्ये बसता आलं नसतं. त्याला आता घास भरवावा लागत होता, रात्री तो आपल्याच घरात मला घरी न्या म्हणून रडायचा. दिवसभरात त्याचा चेहरा निवायचा तो त्या खोक्यावर बसला की तेवढाच. ते ओस्लाच्यानं काढून घेववेना. तिनं फाटकाला दोरी बांधली, वर आणखी एक दोरी बांधली आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवली.

नोव्हेंबर आला. एका दुपारी ती तव्यावरचे बॅनक उलटत होती, आणि वळून पाहते तर खुर्ची रिकामी आणि दार उघडं.

कोट न घालताच ती धावली. खालच्या शेताचं फाटक उघडं, पायाशी दगड. वरच्या शेताचं उघडं, पायाशी दगड. एर्टीच्या मेंढ्या रांगेनं टेकडी चढत होत्या. ओस्लाचा पाय निसटला, ती पडली, हात सोलवटला, उठली. "नको," ती म्हणत होती, "नको, नको, नको." कुणाला म्हणत होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

क्रबपाशी पाच-सहा मेंढ्या उभ्या होत्या. फाटक बंद होतं. त्याला पाठ लावून, दोन्ही हातांनी मागच्या दोऱ्या घट्ट धरून लाउरी उभा होता. काठी कुठेतरी पडली होती. त्याचे गुडघे लटलट कापत होते.

"बाई, पुढे येऊ नका," तो म्हणाला. "हे उघडायचं नाही."

"लाउरी, अरे मी आहे."

"तुम्ही कुणीही असा. पीक आत आलं, बाकीची उघडली मी. हे नाही उघडायचं."

ओस्लाला धाप लागली होती. "का रे? हे का नाही?"

तो आठवू लागला. आठवताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "इथे माझ्या हातून काहीतरी मेलं," तो म्हणाला. "काय ते नाही सांगता येत. पण इथली बाई फार रडली. मला म्हणाली, तू मेला असतास तर बरं झालं असतं." त्यानं मान हलवली. "बरोबर बोलली ती. चांगली बाई आहे हो."

 चाळीस वर्षांच्या संसारातलं त्याच्याजवळ काहीएक उरलं नव्हतं, आणि हे एक वाक्य त्यानं वर्षभर जपून ठेवलं होतं.

"तुम्ही त्या बाईला ओळखता का?" त्यानं विचारलं.

"ओळखते."

"मग तिला सांगा, मी बंद धरून उभा आहे म्हणून. काळजी करू नको म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली. "तिनं ते मनापासून नव्हतं म्हटलं, लाउरी. ती मूर्ख आहे."

"तसं बोलू नका तिला," लाउरी रागावून म्हणाला.

ती त्याला घरी चल म्हणाली, पण मेंढ्या आहेत, असं म्हणून तो हलेना. त्याचे हात दोरीवर गारठून निळे पडले होते. मग ओस्ला त्याच्याशेजारी गेली, तिनंही फाटकाला पाठ लावली आणि त्याच्या हातांवर आपले हात ठेवले. एर्टी कुत्रं घेऊन वर येईपर्यंत दोघं तशीच उभी होती.